सिडनीची शिडं आणि भिंतीतला पाइप

सिडनीला निघायच्या आठवडाभर आधी आमच्या बडोद्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या भिंतीला ओल आली. सोसायटी अडतीस वर्षांची. आतला पाइप नेमका कुठून जातो, हे कोणालाच सांगता येईना. ज्या प्लंबरकाकांना ठाऊक होतं, ते केव्हाच गावी परतले होते. नव्या मुलाने तीन ठिकाणी टाइल्स फोडल्या आणि गळती निघाली चौथ्या ठिकाणी. घराचा तो अवतार तसाच सोडून आम्ही दोघं लेकीकडे विमानाने गेलो.

पहिल्याच रविवारी लेक-जावई आम्हाला ऑपेरा हाउस बघायला घेऊन गेले. सर्क्युलर कीला उतरून पाण्याच्या कडेकडेने चालत गेलं की समोर ती शिडं उभी राहतात. फोटोत पांढरीशुभ्र दिसतात, पण जवळून पाहिलं तर काही टाइल्स चकचकीत पांढऱ्या, काही मंद सायीच्या रंगाच्या. स्वीडनमध्ये बनलेल्या या टाइल्सची संख्या 10,56,006.

आकडा ऐकून हे लगेच म्हणाले, "यातली एखादी सैल झाली तर कळणार कसं?" घरच्या तीन टाइल्स अजून डोक्यात होत्या ना!

जावई बांधकामातले इंजिनिअर. ते म्हणाले, "बाबा, माणसं दोराने लटकून हातोडीने हलकेच टकटक करतात. पोकळ आवाज आला की समजायचं." म्हणजे आपण मडकं घेताना वाजवून बघतो तसंच! पुढे सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हा आवाज नोंदवणारी डिजिटल हातोडी तयार केली. कानाचा अनुभव त्या कानाबरोबर निवृत्त होतो, नोंद मागे राहते.

या इमारतीला नोंदींची गरज जरा जास्तच आहे. 1957 साली डेन्मार्कच्या योर्न उत्झन यांचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला, 1959 मध्ये काम सुरू झालं. 1966 मध्ये वाद होऊन उत्झन काम सोडून गेले आणि आतलं काम दुसऱ्या वास्तुविशारदांनी पूर्ण केलं. 1973 मध्ये उद्घाटन झालं, पण पूर्ण झालेली इमारत उत्झन यांनी कधीच प्रत्यक्ष पाहिली नाही. आत हजाराहून जास्त खोल्या. थंडाव्यासाठी बंदराचं पाणी पाइपांतून फिरवतात. आणि कार्यक्रम जवळजवळ वर्षभर चालू! पाइप शोधायला इथे भिंत फोडून कसं चालेल?

म्हणून 2007 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ही इमारत त्रिमितीय डिजिटल मॉडेलच्या मदतीने कशी सांभाळता येईल, याचा अभ्यास केला. मला वाटलं, मोबाइलवरच्या गेमसारखं गोल फिरवायचं चित्र असेल. जावयांनी समजावलं, "आई, चित्र दुय्यम आहे. मॉडेलमधल्या पंख्यावर बोट ठेवलं की तो कधी बसवला, मागची दुरुस्ती कधी झाली, कोणत्या वायरला जोडलाय, ते दिसलं पाहिजे." याला बीआयएम म्हणतात. मात्र कोणी पंप बदलला आणि नोंद केली नाही, की मॉडेल खोटं बोलायला लागतं. म्हणजे कॉम्प्युटर कितीही महागडा असो, आमच्या सासूबाईंसारखी रोजच्या रोज हिशोबाची वही लिहिणारं माणूस लागतंच.

2013 मध्ये स्कॉटलंडच्या एका प्रकल्पातल्या तज्ज्ञांनी लेझर किरणांनी ही इमारत मोजली. किरण भिंतीवर आपटून परत येतात, त्यावरून प्रत्येक बिंदूचं अंतर कळतं. असे असंख्य बिंदू जोडले की इमारत जशी आज उभी आहे तशी, अगदी वाकड्यातिकड्यासह, कॉम्प्युटरमध्ये उतरते. आणि गंमत म्हणजे सिडनीच्या आधी, 2011 मध्ये, याच प्रकल्पाने आपल्या गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव मोजली होती. शंभराच्या जांभळट नोटेवर आहे ना, तीच! एवढी वर्षं बडोद्यात राहून मला हे सिडनीत कळावं!

परत आलो तेव्हा बाथरूमची भिंत उघडीच होती. गवंडी मसाला कालवत होता. त्याला म्हटलं, "भाऊ, पाच मिनिटं थांबा." यांनी पाइपाला मोजपट्टी लावून धरली, मी चार बाजूंनी फोटो काढले आणि तारीख घालून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा लगेच मेसेज आला, "आमच्या भिंतीतला पाइपही असाच जातो का हो?"