हॉवर्ड म्हणजे दहिसर

शिकागोची लाल लाइन हॉवर्डला संपते. पुढे एव्हन्स्टनला जायचं तर जांभळ्या लाइनची गाडी धरायची. भाईंदरहून आलेल्या माणसाला हा भूगोल समजावून सांगावा लागत नाही. हॉवर्ड म्हणजे दहिसर! महानगराची हद्द तिथे संपते आणि पलीकडचे लोक गावाकडे गेले की मात्र ‘आम्ही शिकागोचे’ असंच सांगतात. जांभळ्या लाइनवर ‘सेंट्रल’ नावाचं स्टेशनही आहे. तिथे उतरून थोडं चाललं की नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं १९२६ साली बांधलेलं डाइक स्टेडियम लागायचं.

खेळ अमेरिकन फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात. असो.

सप्टेंबर १९७९मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या संघाने वायोमिंगला २७-२२ असं हरवलं आणि मग तीन वर्षं जिंकणंच सोडून दिलं. सलग ३४ पराभव. प्रशिक्षक रिक व्हेंटुरी यांच्या तीन हंगामांचा हिशेब एक विजय, एक बरोबरी आणि ३१ पराभव असा निघाला. १९८१मध्ये डेनिस ग्रीन आले. विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ गटातले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या पहिल्या हंगामात ११ सामने आणि ११ पराभव; स्वतःचे गुण ८२, समोरच्यांचे ५०५. गल्ली क्रिकेटमध्ये अशा वेळी बॅटवाला बॅट घेऊन घरी जातो.

तेव्हा बिग टेनमधली बाकीची विद्यापीठं सरकारी आणि अवाढव्य होती. नॉर्थवेस्टर्न एकटंच खासगी, लहान, प्रवेशाला कडक. धिप्पाड खेळाडू पुष्कळ मिळत. त्यातले इथल्या प्रवेशाच्या चाळणीतून खाली उतरणारे थोडे.

७ नोव्हेंबर १९८१ रोजी मिशिगन स्टेटने ६१-१४ अशी धूळ चारली. सलग २९वा पराभव, म्हणजे वरच्या श्रेणीतला नवा विक्रम. नॉर्थवेस्टर्नचीच पोरं मैदानात घुसली, ‘आम्हीच सर्वांत वाईट’ असा घोष करत त्यांनी गोलचे खांब उपटले. महामार्गाच्या ‘इंटरस्टेट ९४’ पाटीखाली कुणीतरी ‘नॉर्थवेस्टर्न ०’ जोडून धावफलकच करून टाकला.

भारतालाही पहिल्या कसोटी विजयासाठी १९३२पासून १९५२पर्यंत वाट पाहावी लागली. विजय हजारेंच्या संघाने मद्रासला २५व्या कसोटीत तो मिळवला. पण मधे अनिर्णित सामन्यांचा आधार होता, आणि ‘आम्हीच वाईट’ म्हणून नाचावं असं आपल्याला सुचलं नसतं.

भाईंदरकराला हा विनोद आवडतो, पण पूर्ण पचत नाही. याच विद्यापीठाच्या प्रेक्षकांची एक जुनी आरोळी आहे: हरलो तर हरलो, उद्या तुम्ही आमच्याच हाताखाली नोकरी कराल. म्हणजे हसू गॅलरीतलं; हाडं मोडत होती ती खेळाडूंची. त्याच १९८१ साली याच शिकागोत उत्तर अमेरिकेतल्या मराठी लोकांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. पहिला वर्ग काढून, मोजके डॉलर घेऊन आलेल्या त्या पिढीला हरण्याची अशी हौस परवडणारी नव्हती. आजही एच-वन-बी व्हिसावाल्याची नोकरी गेली की त्याच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात.

अखेर २५ सप्टेंबर १९८२ रोजी नॉर्दर्न इलिनॉयवर ३१-६ असा विजय मिळाला. खांब पुन्हा उपटले गेले; या वेळी मिरवत नेऊन मिशिगन सरोवरात त्यांचं विसर्जन झालं. खाडीच्या पुलावर लोकलच्या दारातून निर्माल्य फेकणाऱ्यांत वाढलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. त्या हंगामात संघ तीन सामने जिंकला, आठ हरला, आणि ग्रीन गटातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले!

ते जुनं डाइक स्टेडियम २०२४मध्ये पाडायला घेतलं. सामने तात्पुरत्या मैदानात गेले, अगदी त्याच सरोवराच्या काठावर. गोलच्या खांबांमागे पाणी दिसायचं.