‘आईवर प्रयोग नकोत!’

गुडघा बदलायची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा फिजिओथेरपिस्टनं विचारलं, “नव्या वॉकरचा अभ्यास सुरू आहे. शस्त्रक्रियेनंतर त्यात भाग घ्याल का?” मुलगा लगेच म्हणाला, “आईवर प्रयोग नकोत!” तुमच्याही घरी हेच म्हणतील.

मी आधी माहितीपत्रक मागितलं. आम्ही इंदूरला राहतो, पत्रक हिंदीत होतं. मराठीत हवं म्हटलं, दोन दिवसांनी मिळालं. आपल्याला समजेल अशा भाषेत मागायला लाजू नका. पडून दुखापत झाली तर खर्च कोण करणार, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, हे त्यात शोधा. अभ्यास मध्येच सोडता येतो, कारण न देता; त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. अशा अभ्यासांची सरकारी नोंदणी, सीटीआरआय, २००७ पासून आहे; फोनवर कुणालाही बघता येते.

नवा वॉकर कुणाला आणि साधा कुणाला, हे डॉक्टरही ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखंच. मला साधा आला! हिरमुसले, खोटं कशाला सांगू? पण साध्यावर कुणी चाललंच नाही, तर नवा बरा हे कळणार कसं?

चाचणी सोपी दिसते. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. सेकंद मोजतात. सरळ चालणं जमतं हो, पोटात गोळा येतो तो वळताना.

पुढची चाचणी सहाव्या आठवड्यात. सैल चप्पल घालून येऊ नका, असं बजावलंय.