सात टाके

नाशकात जेलरोडला आमची बारा बिऱ्हाडांची इमारत होती. जिना एक, टाकी एक, भांडणं मात्र ज्याची त्याची. तळमजल्यावर आबा राहायचे, नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. सकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पेपर पसरून बसायचे आणि कामावर निघालेल्या प्रत्येकाला अंग चोरून त्यांच्या बाजूनं जावं लागायचं. मला त्याचा राग यायचा. तसा तेव्हा मला सगळ्याचाच यायचा. इथून चालत जाण्याएवढ्या अंतरावरच्या तुरुंगात साने गुरुजींनी १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली, हे मी पाहुण्यांना कौतुकानं सांगत असे आणि पाहुणे गेले की गणितावरून मुलाला बडवत असे.

१९९६ चा उन्हाळा. नुकतीच जुनी स्कूटर घेतली होती. वरच्या मजल्यावरच्या पोरानं ब्लेडनं तिची सीट वीतभर फाडली. बखोट धरून त्याला जिन्यात आणला आणि हात उचलला.

आबांनी माझा हात धरला नाही. 'जाऊ द्या, लहान आहे' असंही म्हणाले नाहीत. पायरीवरून उठले, आमच्या दोघांच्या मधे आले आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले. मग मान वर करून म्हणाले, "भाऊ, जरा पाणी देता का?"

साठी उलटलेल्या, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून कुणाला मारता येत नाही. वर गेलेला हात तिथेच राहतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. मी पाणी आणायला गेलो. परत आलो तर पोरगा पळालेला नव्हता. घरात दाभण आहे का, असं आबा त्याला विचारत होते.

दुसऱ्या दिवशी दोघांनी सीट काढली, फाटलेल्या जागी आतून रेक्झिनचा तुकडा लावला. दोऱ्याला मेण आबांनी लावलं, टाके पोरानं घातले. सात टाके. चौथा वाकडा गेला. मी तो उसवायला सांगितलं तर आबा म्हणाले, "राहू द्या. तुम्हाला तिच्यावर बसायचंय, तिच्याकडं बघायचं नाही."

हा माणूस गरीब गाय होता असं कुणी समजू नये. टाकीच्या पाण्यासाठी एका कार्यालयात ते सलग चार दिवस बाकावर जाऊन बसले होते. आवाज चढवला नाही, पण उठलेही नाहीत. शेवटी तिथल्या साहेबानं वैतागून माणूस पाठवला. रविवारी त्यांच्या घरी मटण शिजायचं. ही कसली तुमची अहिंसा, असं मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "बोकडाचं मी बघतो. तुम्ही पोराचं बघा." त्यावर मला काही बोलता आलं नाही. रात्री मुलगा वही घेऊन माझ्यापासून हातभर लांब बसला होता, ते तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

बसण्याची ही सवय कुठली, ते पुढं समजलं. २ मार्च १९३० ला, म्हणजे गांधीजी दांडीला निघण्याच्या दहा दिवस आधी, नाशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक शिस्तीत मंदिरापर्यंत गेली. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या चारी दरवाजांसमोर बसू लागल्या, बायकासुद्धा. स्थानिक सूत्रं दादासाहेब गायकवाडांकडं होती. त्या बसणाऱ्यांत आबांचे वडील होते. एप्रिलमध्ये रामाच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली, खुद्द बाबासाहेबांना मार लागला, आणि वडिलांच्या डाव्या भुवईवर कायमची खूण राहिली. पुढं घरात कधी संताप झाला की ते बोलायचे नाहीत, जिथं असतील तिथं बसायचे. आई पोरांना खुणेनं सांगायची, बसलेत, आता गप राहा.

बसून काय मिळालं, हे मी आबांना विचारलं होतं. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला आणि दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९५६ नंतर आबांच्या घरानं बुद्धाची वाट धरली. आबा म्हणाले, "दार उघडलं नाही ते त्यांचं. आमच्या बापानं दगड उचलला नाही ते आमचं." बोलणं तिथंच संपवून त्यांनी पेपर उघडला.

खरी गोष्ट मी त्यांना बरेच दिवस सांगितली नव्हती. माझे आजोबा पंचवटीतले. सत्याग्रहाच्या त्या वर्षी ते रथाच्या दोरावर होते, आणि आमच्या घरात हे भूषण म्हणून सांगितलं जायचं. दगडाचं कुणी बोलत नसे. एका संध्याकाळी चहा पिताना मी ते सांगून टाकलं. आबांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या म्हाताऱ्याची न् त्यांची गाठ पडली असंल." एवढंच. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाला अपूर्णांक शिकवायला नेहमीच्या वेळी वर आले. त्या मार्चमध्ये मुलगा गणितात पास झाला. मी त्याच्यावर पुन्हा हात उचलला नाही असं लिहायला आवडलं असतं. दोनदा उचलला. दोन्ही वेळा खाली बसलो. गुडघे दुखतात हल्ली, पण बसतो.

आबा जाण्याच्या आदल्या वर्षी म्हणाले, मला एकदा काळारामाला न्या. आत जायचं नव्हतं त्यांना, पायरी बघायची होती. स्कूटरवरूनच गेलो, आबा त्याच सीटवर मागं. पूर्व दरवाजाशी ते हळूच पायरीवर टेकले आणि तळहातानं काळा दगड चाचपत राहिले. एक बाई प्रसाद देऊन गेली, तो त्यांनी घेतला आणि माझ्या हातात ठेवला. मी शेजारी बसलो.

"तुमचे आजोबा कुठं होते तेव्हा?" त्यांनी विचारलं.

मी समोरच्या गल्लीच्या पार टोकाकडं बोट दाखवलं. आजोबा ज्या जागेचं नाव घ्यायचे ती याच्या निम्म्या अंतरावर होती.

आबांनी डोळे बारीक करून तिकडं पाहिलं. "लांब होते मग," म्हणाले. "एवढ्या लांबून दगड पोचत नाही."

मग माझ्या खांद्याला धरून उठले.