आमच्या गावचा बँड

देवनहळ्ळी हे नाव वाचकांच्या कानांवर आले असेल, तर ते बहुधा विमानतळामुळे. बेंगळुरूचे नवे विमानतळ २००८ साली या गावाजवळ सुरू झाले आणि शहराच्या उत्तरेस सुमारे पस्तीस किलोमीटरांवर असलेले हे तालुक्याचे गाव एकाएकी सर्वांना ठाऊक झाले. इतिहासाची आवड असणारे त्यास टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ओळखतात. १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतलेला येथील किल्ला अजून उभा आहे. फळांचे शौकीन येथील पपनसांची वाखाणणी करतात. मला आज आपणांस जे सांगावयाचे आहे, ते मात्र यांपैकी कोणत्याच वर्णनात सापडावयाचे नाही. आमच्या गावाला एक बँड होता.

शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागीर आली ती १६३८ साली. तेव्हापासून या मुलखात मराठी घरे वसत गेली. आमचे घर शिंप्याचे. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि संध्याकाळी ओट्यावर जमणाऱ्या मंडळींत दोन्हींसह दक्खनी उर्दूही, असा आमचा व्यवहार होता. मी तेरा वर्षांचा झालो ते साल १९६८. तेथून पुढची सहा-सात वर्षे गावातील एकही वरात मी चुकविली नसेल. कारण बँडचे डगले आमच्याच दुकानात शिवले जात.

त्या बँडला नाव होते, मोठ्या ढोलावर ते रंगविलेलेही होते. परंतु गावात ते कोणी उच्चारीत नसे. ‘बँडसेट’ म्हटले की पुरे होई. माणसे अकरा. कोणी रेशमाचे सूत काढणारा, कोणी सायकली दुरुस्त करणारा, दोघे मळ्यात रोजंदारीवर जाणारे. क्लॅरिनेट वाजविणारे गृहस्थ त्यांचे प्रमुख; त्यांस लहानथोर सारे ‘मास्टर’ म्हणत. दिवसभर हातात विळा किंवा पाना असलेला मनुष्य सायंकाळी तांबडा डगला चढवी, खांद्यावर पिवळ्या दोऱ्याचे झुबके लावी आणि गॅसबत्त्यांच्या उजेडात असा काही चाले की आम्हां मुलांस तो कोणी सरदारच वाटे.

त्या तांबड्या डगल्याचे मूळ पलटणीत आहे. बेंगळुरूची लष्करी छावणी १८०९ साली वसली, आणि गोऱ्या पलटणींच्या बँडचे सूर व वेष या भागात रुळले. परंतु हे वाद्यवृंद केवळ साहेबांनीच बाळगले असे कोणी समजू नये. तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले, ज्यांनी १७९८ ते १८३२ राज्य केले, त्यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, हे मराठी वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. म्हैसूरच्या वडियार राजांनी तर इंग्रजी आणि कर्नाटक असे दोन बँड पदरी ठेविले. पुढे ते पोलीस दलाकडे गेले. याच राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकून कद्री गोपालनाथ यांस त्या वाद्याचा ध्यास लागला, आणि त्यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवून दाखविले. २०१९ साली ते निवर्तले. दरबारी बँडची अशी नोंद तरी राहिली. खेड्यापाड्यांतील बँडची कोण ठेवणार?

आमच्या मास्टरांस स्वरलिपी वाचता येत नव्हती. तालुक्याच्या चित्रगृहात नवा चित्रपट आला की ते पहिल्या तीन रात्री बाकावर जाऊन बसत आणि चौथ्या दिवशी चाल तयार. १९७२ साली राजकुमार यांचा ‘बंगारद मनुष्य’ आला, तेव्हा त्यातील गाण्यांवाचून एक वरात पुढे सरकेना. जुन्यांपैकी ‘नागिन’ची पुंगी मात्र कायमची. १९५४ सालच्या त्या चित्रपटात पुंगीचा आवाज कल्याणजी यांनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढला होता. आमच्या रस्त्यावर मास्टर तो पुन्हा माणसाच्या श्वासातून काढीत. क्लॅरिनेटवर छिद्रावरील बोट हळूहळू उचलता येते, म्हणून स्वर घसरत नेता येतो. तुतारीसारख्या ट्रंपेटला तीनच कळी, तिला हे लाडिकपण साधत नाही. ही गोष्ट मला त्यांनीच आमच्या दुकानात, बाहीचे माप देता देता समजावून सांगितली.

परंतु या माणसांचे खरे कसब वाजविण्यात नव्हते, थांबण्यात आणि सुरुवात करण्यात होते. कन्नड घरी मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी सारी वाद्ये एकदम जोराने वाजावी लागतात. त्यास ‘गट्टिमेळ’ म्हणतात. तो मान एरवी नादस्वर आणि डोलू वाजविणाऱ्यांचा. जेथे त्यांना बोलावणे परवडत नसे, तेथे तो बँडकडे येई. आमच्याकडे शेवटची मंगलाष्टक संपून अंतरपाट दूर झाला की वाजंत्री. मुसलमान बांधवांच्या वरातीचे रिवाज निराळे. नमाजाची वेळ असेल तर मशीद यायच्या आधीच वाद्ये आपोआप शांत होत, कोणी सांगावे लागत नसे. प्रत्येक घराचा तो नेमका क्षण मास्टरांस पाठ होता. १९७१ साली माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले, तेव्हा त्यांनी झांजवाल्या पोराला मांडवाच्या दारात उभे केले होते. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. भटजींचा आवाज चढेल, अक्षता पडतील, आणि पडदा सरकेल तेव्हा हात वर कर, एवढेच त्याला शिकविले होते. हात वर झाला, आणि त्याच श्वासाला अकराही जण वाजू लागले.

त्याच लग्नातील दुसरी हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. बँडवाल्यांस जेवण शेवटच्या पंगतीला, तेही मागील अंगणात, असा तेव्हा सर्वत्र शिरस्ता होता. वडिलांनी त्यांस दुसऱ्या पंगतीस मांडवात बसविले. आमचे दोन नातेवाईक पानांवरून उठले. वडील मितभाषी गृहस्थ. त्यांनी ती दोन पाने उचलावयास सांगितली आणि वाढप्यांना म्हणाले, “भात आणा. मंडळी खोळंबली आहेत.” पुढे त्या नातेवाइकांशी आमचे येणेजाणे चार वर्षे बंद होते. वडिलांनी त्याविषयी कधी अवाक्षर काढले नाही, आणि आईने मात्र पुष्कळ काढले.

या बँडचा लेखी पुरावा म्हणाल तर एकच आहे, आणि तो माझ्या कपाटात आहे. ती वडिलांची मापाची वही. तीत ते नावे लिहीत नसत, वाद्ये लिहीत. ‘क्लॅरिनेट, छाती ३४.’ ‘मोठा ढोल, छाती ३८, पोट सुटते आहे.’ ‘झांज, मुलगा, छाती २७, वाढते अंग, आत दोन इंच कापड ठेवणे.’ १९६९, १९७३, १९७७ आणि १९८१ अशी चार वेळा डगल्यांची मापे घेतलेली आहेत. झांजेची छाती २७ ची ३० होते, मग ३३, आणि चौथ्या वेळी त्याच मुलापुढे ‘ट्रंपेट’ असे लिहिलेले आहे. क्लॅरिनेटची मात्र ३४ ची ३२ होते. १९८१ च्या पानावर अकरांऐवजी सहाच मापे आहेत.

बँड मोडला असे कोणत्या एका दिवशी घडले नाही. ध्वनिफिती आल्या, कर्णे आले. चार तारा जोडल्या की मुंबईतील वादक घरच्या मांडवात वाजू लागले, आणि त्यांस जेवू घालावे लागत नव्हते. लग्ने रस्त्यावरून उठून कल्याणमंटपांत गेली, तेथे वरात चालावयास जागाच नाही. वादकांच्या मुलांनी अधिक खात्रीचे धंदे धरले, आणि ते शहाणपणाचेच होते. रात्री बारापर्यंत फुंकून दुसऱ्या दिवशी पुन्हा मळ्यात जावे, हे कोणी आपल्या मुलासाठी का इच्छावे? पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत ‘प्रभात’, ‘दरबार’ यांच्यासारखी बँडपथके नावाने ओळखली गेली, त्यांस रसिक मिळाले. लहान गावात रसिक आणि वऱ्हाडी एकच असतात, आणि वऱ्हाडी पांगले की सारेच पांगते.

बहिणीच्या लग्नाचे एक छायाचित्र आहे. मधोमध वधूवर, भोवती आप्तेष्ट, आणि डाव्या काठावर अर्धा ढोल व एक कोपर. छायाचित्रकाराने बाकीचे वगळले. कोपरावरील बाहीला मनगटाशी दुहेरी पट्टी आहे, म्हणजे ते मास्टरांचेच. अशी पट्टी वडील एकट्या त्यांच्याच डगल्यास लावीत, आणि तिची शिलाई घेत नसत.