पट्ट्याचें शेवटचें भोंक

माझ्या कमरेच्या चामडी पट्ट्याला पांच भोंकें आहेत. त्यांपैकीं तिसऱ्या भोंकाशीं माझा वीस वर्षांचा घरोबा होता. नोकरींतून निवृत्त झालों, केस पिकले, चष्म्याचे नंबर बदलले. परंतु तें भोंक कांहीं बदललें नाहीं, आणि या गोष्टीचा मला मनांतून मोठा अभिमान वाटे. २०२३ सालच्या गणपतींत मी चौथ्या भोंकावर आलों, दिवाळींत पांचव्यावर. आणि पुढल्या संक्रांतीला तिळगूळ द्यावयास बाहेर पडण्यासाठीं विजार चढविली, तों पांचवेंहि पुरेना. श्वास आंत ओढून कसाबसा पट्टा लावला व आरशासमोर उभा राहिलों. आरशांतले गृहस्थ माझ्या ओळखीचे नव्हते.

लठ्ठ माणसाविषयीं जगाचें मत ठरलेलें असतें. खातो म्हणून वाढतो, असें म्हणून जग मोकळें होतें. मीहि जन्मभर तेंच म्हणत आलों होतों. म्हणूनच ही हकीगत सांगण्यासारखी आहे असें मला वाटतें; कारण तींत माझ्या आजाराइतकाच माझ्या एका जुन्या अपराधाचाहि संबंध आहे.

२०२३ सालच्या आरंभीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, मला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. ही ग्रंथि पुरुषाच्या मूत्राशयाच्या खालीं, मूत्रमार्गाभोंवतीं असते. रोग दूरवर पसरलेला नव्हता, तरी त्याची जात जोरकस होती. म्हणून किरणोपचार, आणि त्यांच्या जोडीला दोन वर्षें दर तीन महिन्यांनीं एक इंजेक्शन, अशी योजना ठरली. आमचें कुटुंब एकत्र, दहा माणसांचें. परंतु हा रोग पडला असा कीं, त्याच्या ठिकाणाचें नांव चारचौघांत घेण्याची आम्हांला संवय नाहीं. मी, माझी पत्नी आणि चिरंजीव एवढ्यांनाच खरें ठाऊक होतें. बाकीच्या घराला 'लघवीचा त्रास आहे, उपचार चालू आहेत' एवढेंच सांगितलें. या लपवालपवीची किंमत पुढें मोजावी लागली.

त्या इंजेक्शनाचें काम समजून घेण्यासारखें आहे. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा पुरुषी अंतःस्रावावर, म्हणजे टेस्टोस्टेरोनवर, पोसतो. शिकागो विद्यापीठांतील चार्ल्स हगिन्स यांनीं आपले सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह १९४१ सालीं हें दाखवून दिलें, आणि त्या कार्यासाठीं हगिन्स यांना १९६६ सालच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्या काळीं वृषण काढून टाकणें किंवा स्त्री-अंतःस्राव देणें हेच मार्ग होते. मेंदूकडून निघणाऱ्या ज्या आज्ञेनें हा स्राव सुरू होतो, तिची रासायनिक घडण अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेनें १९७१ सालीं उलगडली; आणि त्याच आज्ञेची नक्कल करून अखेर स्राव थांबविणारें ल्युप्रोलाइड हें औषध १९८५ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. मला मिळालें तें हेंच औषध. रोगाची उपासमार करावयाची, अशी ही युक्ति. परंतु रोगाबरोबर शरीरालाहि कांहीं गमवावें लागतें, याची मला तेव्हां नीट कल्पना नव्हती.

इकडे रोगाची उपासमार चालली असतां घरांत माझी मात्र चंगळ चालली होती. आमच्या स्वयंपाकघराची सत्ता वहिनींकडे. दादा गेल्यापासून तर त्यांनीं सारें चित्त घरच्या माणसांना खाऊं घालण्यांतच गुंतविलें आहे. किरणोपचारांनीं मी थकलेला दिसलों, तशी त्यांनीं माझी आघाडी हातीं घेतली. सकाळीं डिंकाचा लाडू, दुपारीं वरणभातावर तुपाची सढळ धार, चार वाजतां बदामाचा शिरा, निजतांना केशर घातलेलें गोड दूध. "भाऊजी, अंगात काही राहिलंय का तुमच्या? घ्या मुकाट्यानं," असें म्हणून त्या वाटी पुढें करीत. भेटीला येणारे पेढ्यांचे पुडे आणीत ते निराळेच. नाहीं म्हणावयाचें तर कारण सांगावें लागलें असतें. आणि खरें सांगावयाचें तर मला तें सारें आवडतहि होतें. वर्षभरांत माझें वजन सहासष्ट किलोंवरून चौऱ्याहत्तर झालें.

त्या संक्रांतीला माझी नऊ वर्षांची नात मला न्याहाळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही अगदी गणपतीबाप्पासारखे दिसायला लागलात!" सारे हंसले, मीहि हंसलों. परंतु रात्रीं निजतांना तें वाक्य आठवलें, आणि दुसऱ्या दिवसापासून मीं रात्रीचें जेवण बंद केलें.

दुपारीं एक पोळी व भाजी, सायंकाळीं एखादें फळ, बाकी चहा. गोडाला हात लावीनासा झालों. वहिनी रुसल्या, तरी कारण सांगितलें नाहीं. शिवाय सोमवार आणि एकादशी धरल्या. उपवासाच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी असे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानें केली त्याला आहारशास्त्र चांगलें ठाऊक असलें पाहिजे. तीन महिन्यांत वजन तीन किलोंनीं उतरलें. मी खूष झालों. फक्त एका गोष्टीचें नवल वाटे. कांटा खालीं आला तरी पट्टा पांचव्या भोंकावरून हलला नव्हता.

त्याचें उत्तर रामनवमीला मिळालें. जन्माच्या वेळेपर्यंत मी पाटावर बसलों होतों. सुंठवडा घेण्यासाठीं उठूं गेलों, तों मांड्यांत बळच येईना. एक हात जमिनीला टेकला, दुसरा टेकला, तरी उठवेना. अखेर चिरंजीवांनीं काखेंत हात घालून मला उभें केलें. सारें घर पाहत होतें.

त्याच रात्रीं नेहमींची ती उष्णतेची लाट आली. या उपचारांत ती अनेकांना येते. कानशिलांपासून ऊब उठते, छातीवर पसरते, अंग घामानें निथळतें आणि मागाहून हुडहुडी भरते. मी उठून गच्चीवर जाऊन बसलों. थोड्या वेळानें पत्नी ओला पंचा घेऊन आली व तो माझ्या मानेवर ठेवीत म्हणाली, "लाट आली वाटतं?"

"तुला कसं कळलं?" मीं विचारलें. या लाटेविषयीं मीं तिच्याजवळहि अवाक्षर काढलें नव्हतें.

"मला नाही कळणार तर कोणाला कळणार? पन्नाशीत चार-पाच वर्षं मी हेच सोसलं. रात्री उठून न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारीत असे. तुम्ही झोपलेले असायचे."

मी गप्प राहिलों. मग ती शांतपणें म्हणाली, "त्याच वर्षांत माझं वजन वाढलं होतं. पुतण्याच्या लग्नात तुम्ही फोटोवाल्याला काय म्हणालात, आठवतंय? 'आमच्या मंडळींना बसवायचं तर दोन फोटो काढावे लागतील.' सगळे हसले. मीही हसले. मग आठ दिवस मी भाताला शिवले नाही. तुमच्या लक्षातही आलं नाही."

मला तें वाक्य आठवत होतें. दुर्दैव असें कीं, तें एक चांगला विनोद म्हणून आठवत होतें.

स्त्रीचा अंतःस्राव निसर्ग थांबवितो, माझा औषधानें थांबविला होता. परंतु दोघांच्या शरीरांनीं दिलेला जबाब पुष्कळसा सारखाच होता. जी गोष्ट तिच्या बाबतींत मीं आळस आणि खादाडपणा म्हणून हंसण्यावारी नेली, तीच आतां माझ्या कमरेभोंवतीं येऊन बसली होती. "उपाशी राहून काही होत नाही," ती म्हणाली, "मी करून पाहिलंय. उद्या डॉक्टरांना विचारू. आणि वहिनींना खरं काय ते सांगून टाकू."

डॉक्टरांनीं आम्हांला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठविलें. त्यांनीं सांगितलें तें थोडक्यांत असें. टेस्टोस्टेरोन घटलें कीं स्नायू झिजतात व चरबी सांचते. हाडें विरळ होऊं लागतात आणि रक्तांतील साखर वाढण्याचा संभव असतो. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, अठ्ठेचाळीस आठवड्यांच्या उपचारानंतर रुग्णांच्या अंगची चरबी सरासरी नऊ टक्क्यांहून अधिक वाढलेली आणि चरबीविरहित भाग पावणेतीन टक्क्यांच्या आसपास घटलेला आढळला. वजन मात्र अवघें अडीच टक्क्यांच्या आसपास वाढलें होतें. म्हणजे कांटा दाखवितो त्याहून आंतली उलथापालथ मोठी असते. मीं उपाशी राहून घालविलें त्यांत स्नायूहि होते, आणि तेच तर राखावयाचे होते. "तुम्हाला कमी खायचं नाही, वेगळं खायचं आहे," हें त्यांचें वाक्य मला फार मोलाचें वाटलें.

त्या संध्याकाळीं आम्हीं वहिनींना सारें सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "वर्षभर मी तुम्हाला लाडू भरवले, भाऊजी. आधी सांगितलं असतंत तर हात आवरला नसता का?" पदरानें डोळे टिपून त्यांनीं सूनबाईंना आहाराचा कागद मोठ्यानें वाचावयास सांगितला, आणि दोनदां वाचून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ताटाचा भूगोल बदलला. पूर्वीं डाव्या बाजूला चिमूटभर वाढलेली कोशिंबीर आतां वाटीभर झाली. अर्धें ताट भाजी व कोशिंबिरीचें, पाव ताट मुगा-मटकीच्या उसळीचें किंवा घट्ट वरणाचें, आणि उरलेल्या पाव ताटांत ज्वारीची भाकरी अथवा एक मूद भात. सकाळीं शिऱ्याऐवजीं मुगाचें धिरडें. प्रथिनें दिवसाला सुमारें सत्तर ग्रॅम पोटांत जावींत, असें माझ्यासाठीं ठरलें होतें. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळींत तीं चोवीस ग्रॅमच्या आसपास असतात, मोठ्या पेलाभर दुधांत आठ, हें सूनबाईंनीं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून लावलें. हाडांसाठीं बिनसाखरेचें दूध, ताक, तिळाची चटणी आणि नाचणीची आंबील आली. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. 'ड' जीवनसत्त्व रक्त तपासून डॉक्टरांनीं दिलें.

तेलाचा हिशेब सूनबाईंनीं केला. दहा माणसांत महिन्याला बारा लिटर तेल जात होतें, तूप वेगळें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत दोन हजार उष्मांकांच्या दिवसाला तेल-तूप मिळून सुमारें सत्तावीस ग्रॅम धरलें आहे. त्या मानानें आम्ही बरेच पुढें गेलों होतों. तेल आठ लिटरांवर आलें. तुपाची धार गेली, चमचा आला. सण मात्र राहिला: पुरणपोळी होते, परंतु माझ्या ताटांत एकच, आणि तीहि दुधाबरोबर. मुख्य गोष्ट अशी कीं, हें पथ्य एकट्या माझें राहिलें नाहीं. एका माणसाचें निराळें पान मांडलें कीं तें पथ्य शिक्षा होऊन बसतें. साऱ्या घराचें पान बदललें कीं ती घराची रीत होते.

आहाराच्या जोडीला व्यायाम हवाच, कारण नुसत्या डाळीनें स्नायू होत नाहींत. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास जलद चालणें, आणि एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकतां दहादां उठणें-बसणें व रबरी पट्टा ताणणें, असा माझा क्रम बसला.

येथें एक इशारा दिला पाहिजे. हा आहार कर्करोगावरचें औषध नव्हे. वजन वाढतें म्हणून इंजेक्शन स्वतःच्या बुद्धीनें बंद करणें हा आत्मघात होईल. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल त्यानें प्रथिनांचें व मिठाचें मान डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावें. आणि चार दिवसांत एकाएकीं वजन वाढलें किंवा पाय सुजले, तर तें चरबीचें काम नसतें, ताबडतोब डॉक्टरांकडे जावें.

माझीं इंजेक्शनें २०२५ सालच्या आरंभीं संपलीं. त्या वर्षीं रामनवमीला वजन सत्तर किलो होतें; म्हणजे उपासमारीच्या काळांतल्याहून अवघा एक किलो कमी. परंतु पट्टा चौथ्या भोंकावर आला होता, आणि सुंठवड्याच्या वेळीं मी पाटावरून कोणाचा हात न धरतां उठलों. वहिनींनीं तें पाहिलें, आणि न बोलतां सुंठवड्याची वाटी माझ्यापुढें केली. ती मात्र मीं नाकारली नाहीं.

तिसऱ्या भोंकाचा हट्ट आतां मीं सोडला आहे. जो अभिमान मी माझ्या संयमाचा समजत होतों, त्यांतला बराचसा भाग एका ग्रंथीच्या स्रावाचा होता, हें कळल्यावर अभिमान कसला धरावयाचा? पत्नीची क्षमा मागण्यास मला चौदा-पंधरा वर्षें उशीर झाला. ती मीं त्या गच्चीवरच मागितली. ज्या घरांत असा आजार आला असेल, तेथील पुरुषांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, संकोच सोडून घरांत बोला. त्या वाटेनें पूर्वीं कोणी तरी गेलेलें असतें, आणि बहुधा तें माणूस आपल्या शेजारींच जागें असतें.

परवां घरांत एक मुंज झाली. फोटोवाल्यानें आम्हां दोघांना शेजारीं शेजारीं बसविलें. पत्नी माझ्या पट्ट्याकडे पाहून हळूच म्हणाली, "एकाच फोटोत मावू ना आपण?"

या वेळीं आम्ही दोघेंहि खरोखर हंसलों.