उकिरडा हटवण्याचा हुकूम कोणाचा?

संपादकांनी स्वच्छतेवर लेख मागितला. मी लिहितोय अधिकारावर, कारण आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या माणसाला घाणीपेक्षा घाण हटवणाऱ्या हुकमाचीच जास्त वाट पाहावी लागते.

केळना-पूर्णेच्या संगमावरच्या जाफराबादपासून जवळच एक गाव आहे. तिथे सार्वजनिक विहिरीला खेटून उकिरडा आणि त्यालगत म्हशींचा गोठा. पावसाळ्यात शेणामुताचं काळं पाणी कठड्याच्या फटीतून विहिरीत झिरपायचं. एच-टू-एसच्या बाटलीत नमुना घेतला, दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट झाली. ओटी चाचणीत पिवळा रंग येईना, म्हणजे पाण्यात क्लोरीनचा अंश नाही. पंचनामा झाला, नोटीस गेली. गोठ्याचा मालक शांतपणे म्हणाला, "साहेब, हे हटवायला सांगायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

प्रश्न रास्त होता. आम्ही पाहणी करतो, नमुना घेतो, अहवाल देतो. लोकांना वाटतं, आरोग्यवाला आला म्हणजे दंड करणार, नाहीतर पैसे खाऊन जाणार. दोन्ही समज मला आजही सलतात. ग्रामपंचायतीला स्वतःचे अधिकार आहेत, पण गावकीत शेजाऱ्याला दुखवायला कोणी धजत नाही.

खरी ताकद सार्वजनिक उपद्रवाच्या कलमात आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, ते 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 152 झालं. आदेश देणार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, किंवा राज्य शासनाने खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी. हे 'खास' सगळे विसरतात. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, पण तेवढ्यावर भागत नाही. शासनाने या कामासाठी अधिकार दिलेला हवा, नाहीतर आदेशावर पहिली हरकत तीच येते. कित्येक अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात ते यामुळेच. पोलिसांचाच अहवाल लागतो, हाही गैरसमज. कायदा 'इतर माहिती'ही धरतो, म्हणजे आमचा अहवाल चालतो. आदेश सशर्त असतो: हटवा, नाहीतर हजर राहून हरकत सांगा. हरकत आली तर पुरावा घेऊन 90 दिवसांत, फार तर 120 दिवसांत निकाल लावायचा.

ही चौकट मला जाचक वाटत नाही. 1897च्या प्लेगात पुण्यात रँडच्या अमदानीत सोल्जर लोकांच्या घरात, देवघरात शिरले. बेलगाम तपासणीने काय होतं, ते महाराष्ट्राने भोगलं आहे. आणि याच कलमाने 1980 साली सर्वोच्च न्यायालयात रतलाम नगरपालिकेला गटारं बांधायला लावली. पैसे नाहीत ही सबब न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ऐकली नाही.

त्या गावचा उकिरडा अजून हटलेला नाही, कारण गावातून एकही अर्ज पुढे गेला नाही. तेव्हा जाफराबादकरांनो, साध्या कागदावर जागा, त्रास आणि तारीख लिहा, पाणी तपासणीचा अहवाल जोडा आणि भोकरदनला उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. पोहोच मात्र घ्यायला विसरू नका.