कसेल त्याची जमीन : कुळकायदा आणि एक तारीख

१/७
१ एप्रिल १९५७. महसुली दप्तरात या दिवसाला ‘कृषकदिन’ म्हणतात. तत्कालीन मुंबई राज्याच्या मोठ्या भागातील कुळे त्या दिवशी, कोणतेही खरेदीखत न करता, कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची विषमता एका कलमाने हलवली.

२/७
हे कलम आकाशातून पडले नव्हते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. परंतु मताधिकार तेव्हा मुख्यतः मालमत्ता व शिक्षण यांवर बेतलेला होता. खंड भरणाऱ्यांपैकी बहुतेकांना मत नव्हते. विधेयक संमत झाले नाही. खोती रद्द होण्यास १९४९ चा कायदा उजाडावा लागला.

३/७
१९४८ च्या कुळकायद्याने खंडावर मर्यादा घातली. १९५६ च्या दुरुस्तीने मालकीच कुळाकडे वळवली. किंमत शेतसाऱ्याच्या आकाराच्या २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी.

४/७
मात्र त्याच कायद्यात मालकासाठीही एक दार होते. ‘स्वतः कसण्यासाठी’ जमीन परत मागण्याची मुभा होती. नोटिशीची मुदत ३१ डिसेंबर १९५६. ज्याला कायदा वाचता येत होता, त्याला तारीखही ठाऊक होती.

५/७
कुळाला मात्र न्यायाधिकरणापुढे हजर राहून खरेदीची तयारी सांगावी लागे. गैरहजर राहिले, वा दबावाखाली ‘जमीन नको’ म्हटले, की खरेदी निष्प्रभ. पीकपाहणीत नाव नसेल, तर आयुष्यभर नांगर धरूनही कूळ असल्याचे सिद्ध करणे दुष्कर.

६/७
आणि शेतमजूर? तो खंडाने जमीन कसत नव्हता, मजुरीने राबत होता. म्हणून ‘कूळ’ या व्याख्येतच बसला नाही. त्यांत दलित मोठ्या संख्येने होते. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने अतिरिक्त जमीन भूमिहीनांना देण्याची तरतूद केली. पण तोवर अनेक धारणा कागदोपत्री नातलगांत विभागल्या गेल्या होत्या.

७/७
कुळकायदा फसला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. असंख्य घरांत त्याने सातबारा आणि त्याबरोबर ताठ मान आणली. परंतु कायदा विषमता केवळ पुसत नाही, तिची सीमारेषा नव्याने आखतो. ती रेषा कोठून जाईल हे व्याख्या, मुदत आणि नोंदवही ठरवतात. लोकशाहीत या तिन्ही गोष्टी बदलता येतात. त्यासाठी रेषेबाहेर राहिलेल्यांचा आवाज विधिमंडळात पोहोचावा लागतो.